चौकटीतली खूण

शांतीबाईचं भाताच्या रोवणीचं गाणं शाळेतल्या मुलांसाठी इंटरनेटवर टाकताना ग्यानीराम गुरुजींनी ‘हे गाणं माझं आहे’ या चौकटीत खूण केली होती. त्याशिवाय व्हिडिओ पुढे सरकेचना.

आता भूमेश्वरीनं आपल्या आजीचा, म्हणजे शांतीबाईचाच, गातानाचा व्हिडिओ टाकला, तर वेबसाइटनं तो काढून टाकला. मोबाइलवर कारण दिसत होतं: गाण्याचा मालक ग्यानीराम.

“मंग धानाच्या बांधीतला रोवणा बी तुमीच केलात का, गुरुजी?” शांतीबाईनं विचारलं.

गुरुजींनी हक्क मागे घेतला आणि स्वतः टाकलेला व्हिडिओही पुसून टाकला.

“तो काऊन पुसला? पोरं कुठून शिकतीन?”

“तुम्हाला विचारलंच नव्हतं, बाई.”

“मंग आता इचारा ना!”

मोबाइल बाजूला ठेवून गुरुजींनी विचारलं.