वर न आलेली पट्टी

मित्रांनो, मी एक पियानो आहे. जुना तर आहेच, पण आता वाजतही नाही. नागपूरच्या सदर भागातल्या एका शाळेत, अडगळीच्या खोलीत मी उभा आहे. माझ्यावर गॅदरिंगचे जुने पडदे टाकलेले आहेत.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. रेल्वेने मी नागपूरला आलो. स्टेशनापासून शाळेपर्यंत मला हातगाडीवर आणलं ते दादाजी नावाच्या हमालाने. पुढे त्याचा मुलगा रुपराव याच शाळेत शिकला, माझ्यावर बोटं चालवायला शिकला आणि इथेच संगीताचा मास्तर झाला. मला वाजवणारे पुष्कळ झाले. माझी काळजी घेणारे रुपराव मास्तर एकटेच.

नागपूरचा उन्हाळा लाकडाला सोसत नाही. कोरड्या हवेत ते आक्रसतं, तडकतं. म्हणून दर एप्रिलमध्ये मास्तर माझी खालची फळी काढून आत पाण्याचं एक मडकं ठेवत. तेवढी ओल मला पुरे. त्यांची मुलगी प्रेमलता लहानपणापासून ते मडकं भरत आली.

मास्तरांना एकच ध्यास होता. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स आणि स्पेनमध्ये लिहिलेल्या दोन रचना, पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या, त्यांना एकदा ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. प्रत्येक वाद्याचं स्वरलेखन त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलं होतं. वर्षानुवर्षं खपून बावीस वादक जमवले होते. व्हायोलिनवाले चर्चमधले, बासरीवाला पोलीस बँडमधला. अखेर १९७४च्या मे महिन्यात, शाळेला सुटी असताना, मुंबईच्या एका कंपनीने फक्त एका दिवसासाठी माणूस आणि यंत्र पाठवायचं कबूल केलं.

आदल्या दिवशी तालीम झाली. इतवारीच्या लग्नाच्या बँडमधले महादेवराव क्लॅरिनेट पुसत म्हणाले, "मास्तर, तीस वर्षं वरातीत वाजवून राहिलो जी. पण समोर कोणी नाचून नाही राहिलं, असं आजच झालं."

"उद्या तुम्हीच नाचा गा," मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

दुपारी मास्तर मुंबईच्या माणसाला आणायला स्टेशनवर गेले, ते त्या दिवशी शाळेत परतले नाहीत. प्रेमलता तेव्हा वीस वर्षांची होती. ती मडकं भरायला आली. तिने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि चटकन उचलला. एका मडक्याने एवढं बरं वाटतं, तर कूलरने किती वाटेल, असं तिच्या मनात आलं असावं. तिने चौकीदाराला हाक मारली.

"लहानूकाका, ऑफिसातला कूलर इकडं आणता का? बाबांचा पियानो तापून राहिला."

लहानूने कूलर आणला. प्रेमलताने तो माझ्यासमोर लावला, त्याच्या वाळ्याच्या ताट्या भिजवल्या आणि मला चांगली हवा लागावी म्हणून माझं झाकण उघडून ठेवलं. सकाळपर्यंत तो ओला वारा माझ्या अंगात शिरत होता.

सकाळी मी फुगलो होतो. सूर चढले होते. मधल्या पट्ट्या दाबल्या की खालीच राहत.

मास्तरांनी कूलर पाहिला. "काहून गा लहानू, हे कोणं केलं?"

प्रेमलताने तोंड उघडलं. तिच्याआधी लहानू बोलला. "म्याच केलं जी."

"तुले तर आजचं सारं माहीत होतं," मास्तर एवढंच म्हणाले.

प्रेमलता वाकून कूलरची वायर गुंडाळू लागली.

दिवसभर मास्तर मला वाळवत होते, तारांचे चढलेले सूर उतरवत होते. तीनदा वादन सुरू केलं. स्पॅनिश रचनेत एक सूर भराभर पुन्हा पुन्हा वाजवायचा असतो. तिथे पोचलं की पट्टी खाली बसे, आणि बावीस जण आपोआप थांबत. संध्याकाळच्या गाडीने मुंबईचा माणूस गेला. पुन्हा कळवतो, असं कंपनीने लिहिलं. कळवलं नाही. वादक आपापल्या कामाला लागले.

मास्तर लहानूशी भांडले नाहीत. फक्त बोलायचे थांबले. पाच वर्षांनी लहानू वारला, तोवर दोघं रोज एकाच फाटकातून आत येत होते. मास्तर निवृत्त झाले, तेव्हा मला या खोलीत ढकललं. ते मडकं कुठे गेलं, ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. परवा प्रेमलता आली. केस पांढरे होऊ लागलेत तिचे. तिने पडदे बाजूला केले, तीच पट्टी दाबली आणि म्हणाली, "बाबा, कूलर मी लावला होता."

मित्रांनो, वस्तू जपायची तर तिला काय सोसतं, ते आधी विचारून घ्या. आणि चूक झालीच, तर ज्याला सांगायची तो असतानाच सांगा. मला सांगून काय उपयोग? मी लाकूड आहे. मला कोणाला माफ करता येत नाही.

तिने बराच वेळ वाट पाहिली. पट्टी वर आली नाही. मग तिने पडदे होते तसे माझ्यावर टाकले आणि दार ओढून घेतलं.