कुंपणापलीकडं सोडलेल्या अळ्या

आदितीनं आकडे तीनदा तपासले. चौथ्यांदा तपासायचा धीर झाला नाही.

राधानगरीच्या वरच्या अंगाला या हंगामात स्ट्रॉबेरीचा पार चिखल झाला होता. बारकीशी परदेशी माशी. पिकू घातलेल्या फळात अंडी घालते. वरनं फळ लालबुंद, आत अळ्यांची वळवळ. ही पीडा आणली कुणी? गावानं ठरवूनही टाकलं: शिवय्यानं! बाहेरची रोपं त्यानंच आणली होती ना? झालं, मीटिंग भरली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्याचा मळा पेटवला. शिवय्याकाका बांधावर बसून बघत राहिले. तेव्हापासून त्यांच्या दारात चहाला कुणी जात नव्हतं.

आदिती कोल्हापुरात किडींच्या जनुकांवर काम करायची. काकांच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर ती, तिच्या हे फार जिव्हारी लागलं. मळा जळायच्या आधीच तिनं बारा मळ्यांतल्या माश्या धरून ठेवल्या होत्या. माशी जिथनं सुरू झाली तिथं तिचे वाण, म्हणजे जनुकांचे वेगवेगळे नमुने, जास्त सापडतात. पुढं पसरेल तसे गळत जातात. काकांच्या मळ्यात दोनच वाण निघाले. सात निघाले फक्त एका मळ्यात, तिच्या वडिलांच्या.

ती गावी पोचली तेव्हा वडील, धनपालआप्पा, ओसरीवर पाणी गाळत होते.

"आप्पा, मुंबईहून परदेशी फळांची पेटी आणलेली, आठवतीय? किडकी निघाली, जाळा म्हणून सांगितलं होतं."

आप्पांनी गाळणं खाली ठेवलं. "जित्या अळ्या हुत्या गं. जीव मारायचा न्हाय, माझा नियम हाय. कुंपणापलीकडं नेऊन सोडल्या."

"मग माश्या उठलेल्या दिसल्या न्हाईत?"

"दिसल्या की."

"आणि मीटिंगला गप बसलासा?"

आप्पांनी मान खाली घातली. "रिपोर्टात आपल्या मळ्याचं नाव लिवू नको, बाई. मंदिरात तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय."

आदितीच्या अंगाचा तिळपापड झाला. अळीला जपणाऱ्या माणसानं शेजाऱ्याला असं आगीत लोटावं? आणि पेटी तरी कुणी आणली होती? तिनंच, मोठ्या हौसेनं! एस.टी. चुकेल म्हणून स्वतः न जाळता निघूनही गेली होती. शिकलेली म्हणे! तिला स्वतःचीही तेवढीच चीड आली.

"लिवणार. माझंबी नाव लिवणार. उठा, आधी काकांकडं चला."

शिवय्याकाका दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शिव्या घातल्या असत्या तर आदितीला बरं वाटलं असतं, पण ते आप्पांकडं वळले.

"मळा पेटला तवा तू तोंड फिरवून उभा हुतास, धनपाल," ते म्हणाले. "मला वाटलं, किडं जळत्यात ते तुला बघवंना. घरात येऊन म्हातारीला म्हटलं बी, गावात एक तरी माणूस दयेचा हाय."

आप्पा पायरीवरच खाली बसले. आत या, असं कुणी म्हणालं नाही.