काका स्पीकरमधून बोलतात

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. स्टेजवर कडक सुटातले नादगुरू माइकवर सांगत होते, "मी बाबाबिबा नाही हं, मी संशोधक आहे! गेलेल्या माणसाच्या लहरी हवेतच असतात. माझं यंत्र त्या पकडतं आणि कॉम्प्युटर रेकॉर्ड करतो. कॉम्प्युटर कधी खोटं बोलतो का?"

"नाही!" लोक ओरडले. त्यातही शिकलेले जास्त जोरात.

टेबलावर कॉम्प्युटर होता आणि त्याची वायर मखमली कापडाआडून टेबलाखाली गेली होती. नियम एकच. प्रश्नातच दोन्ही उत्तरं बोलायची आणि शेवटचा शब्द चांगला लांबवायचा. आत्म्यांना म्हणे घाई चालत नाही!

माझी मावशी उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. एक डोळा आधीच गेलेला, आणि आता टाळलंत तर दुसराही जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. पण डोळ्यात हत्यार गेलं की संपर्क तुटतो, असं गुरूंनी तिच्या डोक्यात भरवलेलं. "तुझे काका सांगतील तसं करीन," असं म्हणत ती माझा हात धरून इथवर आली होती.

तिने माइक हातात घेतला. काकांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी हाक मारताना ती लाजलीच. "अहो, दवाखान्यात जाऊ की नकोऽऽ?"

मग स्पीकरमधून खोल, घोगरा, पुरुषी आवाज आला. "नकोऽ... नकोऽ... नकोऽ..."

स्क्रीनवर रेघा उसळल्या, टाळ्या पडल्या आणि मावशीला रडू कोसळलं. "ऐकलंस? तेच रे ते!"

मी मात्र टेबलाच्या कापडाखालून दिसणाऱ्या गुरूंच्या बुटाकडे बघत होतो. मी गिटार शिकवतो. वाजवताना माझा पाय जे वीस वर्षं करत आलाय, तेच गुरूंचा पाय कापडाआड करत होता. बरोबर 'नको'च्या वेळी खाली, लगेच वर.

मी तडक स्टेजवर चढलो आणि कापड ओढलं. टेबलाखाली पायाने दाबायच्या बटणाचा एक डबा होता.

"अहो, हात लावू नका! लहरी बिघडतील!"

"बिघडू देत की. हा डबा माझ्याकडेही आहे," मी म्हणालो. "मंडळी, याला इफेक्ट प्रोसेसर म्हणतात. बटण दाबलेलं असताना माइकमध्ये गेलेला आवाज जाड करतो, घुमवतो, पुन्हा पुन्हा ऐकवतो. आणि वायरने कॉम्प्युटरला जोडला की रेकॉर्डिंगही यातूनच होतं. माझ्या शिकवणीचे धडे मी असेच रेकॉर्ड करतो. आता बघा."

मी बटणावर पाय दिला आणि माइकमध्ये दणकून शिंकलो. स्पीकरमधून माझा कुणीतरी अगडबंब पूर्वज चार वेळा शिंकला. हॉल खो खो हसत सुटला.

"आणि कॉम्प्युटर खरंच खोटं बोलत नाही. हा डबा त्याला दोन आवाज पाठवतो, एक बदललेला आणि एक मूळचा. वरची रेघ बदललेल्याची, ती बंद केली. आता खालची ऐका."

मावशीचाच बारीक, कापरा आवाज आला. "अहो, दवाखान्यात जाऊ की नकोऽऽ?" बस्स. पुढे काहीच नाही.

गुरू मागच्या दाराकडे सरकले, पण तिथे आधीच पंधरावीस जण प्रश्न घेऊन उभे होते.

"म्हणजे ते बोललेच नाहीत?" मावशीने विचारलं.

"नाही गं."

मला फार वाईट वाटलं. तिने डोळे पुसले आणि माइक पुन्हा तोंडाशी धरला.

"ऐका हो सगळे. ऑपरेशनची भीती माझी होती, 'नको' माझं होतं आणि आवाजही माझाच. कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या वाजवण्याआधी टेबलाखाली वाकून बघा. आमचे हे तर असं कधीच म्हणाले नसते. चष्मासुद्धा तेच पुसून द्यायचे माझा." मग ती माझ्याकडे वळली. "चल रे. सकाळी सातला पोचायचंय."