पंचकातली खोली

डोळे मिटून घ्या बरं, मुलांनो, अगदी घट्ट, आणि तळहातावर दाराची लोखंडी कडी आहे असं समजा — गार, खरबरीत, एका बाजूनं गंजलेली... गोदूच्या डोळ्यांवर तर पट्टीच होती, म्हणून ती कडी हेच तिच्यापुरतं सगळं दार होतं, सगळं ठाणं होतं. दार नुकतंच उघडलं होतं. आतून कोंदट वास येत होता.

दुसऱ्या हातात अण्णांचा हात. अण्णा म्हणजे तिचे वडील, मुरबाडच्या शाळेतले त्र्यंबक मास्तर. खुपऱ्यांच्या संसर्गानं गोदूचा डावा डोळा गेलाच होता. उजवा वाचवायचा तर उद्यापासून महिनाभर, एक दिवस न चुकता, मुंबईच्या दवाखान्यात औषध घालायला हवं होतं. म्हणजे राहायला जागा हवी. मुंबईत दोन दिवस दोघं हिंडली — गिरगावात एकीनं भाडं सांगितलं तेव्हा अण्णा नुसतेच खाकरले होते, आणि जिथं परवडलं असतं तिथं पट्टी पाहून कुणी म्हणालं होतं, "नको हो, आमचीही पोरं आहेत"... ठाण्यात राहून आगगाडीनं जा-ये करावी म्हणून इथं आली, तर टेंभी नाक्यापाशी सकाळपासून हे आठवं दार.

"भाडं मुंबईच्या पावपट," घरमालकीण हौसाबाई म्हणत होती. "पण मास्तर, मागनं बोल नको. खोली पंचकातली आहे."

गोदूनं बोटं मोजली. "पाच जणांची? मग आम्ही दोघं, आणखी तिघं कोण?"

हौसाबाई खो खो हसली. "अगो बाय माझे! माझी सासू गेली हिच्यात, पंचकाची पाच नक्षत्रं लागलेली असताना. असलं मरण मागनं आणखी माणसं नेतं म्हणतात. भटजींनी सहा महिने खोली बंद ठेवायला सांगितली, त्यातले दोन उरलेत. चालत असेल तर ऱ्हावा, नाहीतर पार बाळकुम गावाकडं बघा, मिठागरवाल्यांच्यात."

अण्णा हसले. "नक्षत्रं आकाशात असतात, बाई. त्यांना ठाण्यातल्या खोल्या काय ठाऊक!"

शाळेत सांगत तसंच, त्याच आवाजात... पण हात? हात घामानं ओला झाला होता, आणि त्यानं तिची बोटं इतकी आवळली होती की आई गेली ती दुपार आठवावी — तेव्हाही आवाज असाच होता, आणि हातही. म्हणजे अण्णा भितात. माझ्यासाठी भितात. आणि मी? मलाही वाटते आहे भीती... पण उद्या सकाळची गाडी?

"आणखी एक-दोन घरं पाहू, गोदू," अण्णा हलकेच म्हणाले.

घरं उरली नव्हती. ऊन पाठीवरून उतरून केव्हाच निघून गेलं होतं. इतके दिवस हा हात आपल्याला चालवत होता, आणि आता जणू आपणच त्याला धरून उभ्या आहोत, असं तिला वाटलं — विचित्र वाटलं, थोडं जडही.

तिनं तो सोडला. पायानं उंबरठा चाचपला आणि आत गेली. भिंतीला हात लावत लावत जाताना कोनाडा लागला. बोटांना तेलकट काजळी आली. म्हातारीच्या दिव्याची असणार. बाहेर अण्णांची पावलं अजून हलली नव्हती.

तिनं बोटं परकराला पुसली. "अण्णा, दिव्याला जागा आहे इथं," ती मोठ्यानं म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.