कात्रीची जागा

आमच्या दुकानात बसल्या जागेवरून सगळं हाताला लागायचं. कात्री उजवीकडे, खडू तिच्याशेजारी, टेप गळ्यात, बटणांचे डबे गुडघ्याशी. ही मांडामांड माझी. शिवताना नवऱ्याला सारखं उठायला लागू नये म्हणून संसारभर मी हेच करत आले. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मशिनला मोटर बसवली आणि त्यांच्या पायांना उरलंसुरलं कामही राहिलं नाही.

मग मास्तरांच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्तातली साखर बघितली आणि त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

"गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही. जेवण झालं की थोडं चाला. शिवतानाही मधूनमधून उठा. असेच बसून राहिलात तर पायांचं काही खरं नाही, आणि हृदयाचंही."

मी घाबरून एकेक गोळी दोनदोनदा विचारून घेतली. मास्तर मात्र बाहेर आल्यावर म्हणतात, "काम नसताना चालायचं? वाटेत कुणी विचारलं कुठे निघालात, तर काय सांगू? कुठेच नाही म्हणून?"

मी विनवलं, रडले, अबोला धरून पाहिला. माणूस ढिम्म. लेकीनं चांगले बूट पाठवले, ते खोक्यातच पडून राहिले. शेवटी मी बोलणं सोडलं आणि कात्री हलवली.

आधी ती समोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली. खडू मागच्या खोलीत गेला. बटणं वरच्या मजल्यावर, आमच्या कपड्यांच्या कपाटात.

"अगं, कात्री कुठाय?"

"अगंबाई, तिकडेच राहिली वाटतं!" असं म्हणून मी काजं करण्यात डोकं खुपसायची. मास्तर पुटपुटत उठायचे. दिवसभर उठबस, जिन्यात वर-खाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

आणि एका सकाळी मास्तर खोक्यातले बूट घालून दारात उभे. म्हणाले, "चल, जरा फिरून येऊ."

मी दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना? मग चप्पल घातली आणि निघाले. त्या दिवसापासून रोज पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि मागच्या रस्त्यानं परत यायचं, असं सुरू झालं. रस्ता ओलांडताना मास्तर माझा दंड धरायचे. काहीबाही विचारायचे, "लग्नात तुझी साडी कुठल्या रंगाची होती गं?" मी लाजून सांगायची. या वयात नवरा रंगात आलाय म्हणून मी खुशीत! कुणी विचारलं कुठे निघालात, तर मास्तर बेधडक सांगायचे, "हिला घेऊन चाललोय."

पुढच्या तपासणीला साखर उतरली होती. मुंग्याही कमी होत्या. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. पण मास्तर खुर्चीवरून उठेनात.

"माझं राहू द्या, डॉक्टर. हिला तपासा." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या हातून आजवर साधी टाचणी हरवली नाही. आता कात्री कुठे ठेवते ते आठवत नाही. बटणं कपड्यांच्या कपाटात ठेवते. चाललं की डोकं तल्लख राहतं असं ऐकलं, म्हणून रोज घेऊन जातो. जुन्या गोष्टी विचारून बघतो. तेवढ्या अजून आठवतात हिला."

हा माणूस इतके दिवस माझा दंड धरून चालत होता, तो या भीतीनं. खरं सांगितलं तर पुन्हा त्या मशिनला जाऊन चिकटेल, हे मला दिसत होतं. पण त्यांचे डोळे भरलेले बघवेनात.

"मला काही झालं नाही," मी म्हटलं. "कात्री मीच हलवत होते. तुम्ही उठावं म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. मास्तर नाही हसले. उठले आणि तरातरा चालायला लागले. मी मागे धापा टाकत. ते एवढे रागावलेले असतानाही माझ्या मनात आलं, बघा कसे झपाझप चाललेत! दुकानात आल्या आल्या त्यांनी कात्री खिळ्यावरून काढून उजव्या हाताला ठेवली. बटणांचे डबे खाली आणले.

सकाळी उठले तर मास्तर मशिनपाशी बसलेले. पायांत बूट नाहीत. मी आत जाऊन भांडी आदळली. आपल्या हातानं सगळं घालवलं म्हणून रडूच आलं.

"अगं, इकडे ये."

मी डोळे पुसून गेले. मास्तर खाली बघत होते.

"डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हापासून तू अशीच घाबरलेली आहेस? मी तुझ्यासाठी घाबरलो होतो तशी?"

मी मान डोलावली.

"मग सांगायचंस ना."

"सांगत नव्हते? रडलेसुद्धा मी!"

मास्तरांनी मशिनखालून बूट ओढले आणि वाकून पायांत चढवले. कात्री उचलली, समोरच्या भिंतीपर्यंत गेले आणि खिळ्याला अडकवली.

"राहू दे तिथेच," ते म्हणाले. "चप्पल घाल, चल."