विश्रांती दिली: होय

त्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दर महिन्याला एक शोध लागायचा. न लागून सांगतो कुणाला! तळमजल्यावर प्रसिद्धी विभाग नावाची एक खोली होती, तिच्यात एक बाई बसायच्या आणि एक तारखेला त्यांना आरोग्यपत्रिका काढायची असायची. एका महिन्यात कॉफी हृदयाला चांगली, पुढच्या महिन्यात तीच कॉफी घातक, तिसऱ्या महिन्यात ज्याचं त्यानं बघावं. पत्रिका दारातल्या काचेच्या फळ्यावर लागायची आणि येणारेजाणारे हात मागे बांधून ती वाचायचे, वर घरी जाऊन बायकोला ऐकवायचे.

चौथ्या मजल्यावर हृदयविभागात रक्तदाब मोजणारी नर्स मात्र त्या फळ्याकडे ढुंकूनही बघत नसे. वीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून बांधून तिचं नावच पट्टाताई पडलं होतं. पत्रिकेत छापून येणारे आकडे कुठून येतात ते तिला चांगलं ठाऊक होतं. ते तिच्याच खोलीतून जायचे.

या खेपेचा शोध मोठा होता. विभागप्रमुखांनी, म्हणजे ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत त्यांनी, साठीच्या पुढची सहाशे माणसं गोळा केली होती. तीनशेंनी सकाळी फिरायला जायचं आणि दर पंधरवड्याला सकाळी नऊनंतर रक्तदाब मोजायला यायचं. उरलेल्या तीनशेंनी संध्याकाळी फिरायचं आणि मोजायला दुपारी चारला यायचं. ओळीनं तीन वेळा आकडा जास्त आला की गोळी वाढवायची, असा नियम. चौदा महिन्यांनी हिशेब मांडला तर काय, सकाळवाल्यांचा रक्तदाब संध्याकाळवाल्यांपेक्षा चांगला वीस-पंचवीसनं वर! सर हरखले. प्रसिद्धीवाल्या बाईंनी मथळासुद्धा करून ठेवला: ‘साठीनंतर सकाळी फिरणं टाळा’. सोमवारी सकाळी पत्रकार यायचे होते.

आता त्या इमारतीच्या लिफ्टबद्दल सांगायला हवं. लिफ्ट एकच. तिच्या दारावर पाटी होती, ‘सकाळी सात ते अकरा फक्त सामानासाठी’. त्या वेळात न्याहारीच्या ढकलगाड्या वर जायच्या, मळक्या चादरी खाली यायच्या, औषधांची खोकी वर जायची. लिफ्टमन इतका नियमाचा पक्का की त्यानं एकदा स्वतःच्या सासऱ्यालाही जिन्यानं पाठवलं होतं. म्हणजे सकाळच्या तीनशे म्हाताऱ्यांनी दर पंधरवड्याला अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढायच्या आणि धापा टाकत पट्टाताईपुढे हात करायचा. दुपारचे लिफ्टनं यायचे, केस विंचरलेले, घाम नाही, गप्पा मारत. सरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं? सर अकराच्या आत कधी उगवतच नसत.

चढून आलेल्याला बसवायला नको का? नको कसं, फॉर्मवर तसा रकानाच होता. ‘पाच मिनिटं विश्रांती दिली: होय / नाही’. पण दोन तासांत तीस माणसं उरकायची, म्हणजे माणशी चार मिनिटं. त्या चारात पाच कुठून बसवणार? बाहेरच्या खुर्च्या सरांच्या व्याख्यानासाठी सभागृहात नेलेल्या, त्या परत आल्याच नाहीत. म्हणून पट्टाताईनं आपली एक सोय केली होती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती आठवड्याच्या फॉर्मांचा गठ्ठा पुढ्यात घ्यायची आणि डबा खाता खाता सगळ्यांवर आधीच खुणा करून टाकायची. होय, होय, होय. खाली सही. यात आपण काही वाईट करतोय असं तिच्या मनातही कधी आलं नाही. रकाने भरायचे असतात, ते तिनं भरले.

आणि तिनं आणखी एक शहाणपणा केला होता. सकाळच्या तीनशेंत तिनं स्वतःच्या मामाला घातलं होतं.

मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बाहत्तराव्या वर्षीही शिडीवर चढून हातभर अक्षरं अशी काढायचा की मोजपट्टीनं मारली तरी रेघ तेवढी सरळ येणार नाही. वडील गेल्यावर या मामानंच तिला वाढवलं, शिकवलं, नर्सच्या गणवेशाचं पहिलं कापडही त्यानंच आणलं. आपल्याच खोलीत त्याची तपासणी होईल, नजरेखाली राहील, एवढाच तिचा हिशेब. तो आला तेव्हा अर्धी गोळी घेत होता. चौथ्या महिन्यात पूर्ण झाली, नवव्या महिन्यात जोडीला दुसरी आली.

मग मामाला गरगरायला लागलं. आधी तो बोललाच नाही. बोलेल तर मामा कसला! गेल्या आठवड्यात एका केशकर्तनालयाच्या पाटीवर शेवटचं अक्षर काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खालून दुसऱ्या पायरीवरून डब्यासकट रस्त्यावर आला. मनगट मुरगळलं, निळा रंग कानापर्यंत. नशीब म्हणायचं की तेव्हा तो वरच्या पायरीवर नव्हता.

“काही झालं नाही गं,” तो तिला म्हणाला. “दुकानदार म्हणतो, पाटीपेक्षा तुम्हीच छान रंगलात.”

ताई हसली नाही. तिनं पिशवीतून पट्टा काढला आणि त्याच्या बाजेवरच त्याचा रक्तदाब घेतला. एकशे चौदा. उभा करून घेतला, तर ब्याण्णव, आणि मामानं भिंत धरली. ती ते आकडे बघत राहिली. चार दिवसांपूर्वी तिनंच याच माणसाचा आकडा एकशे अठ्ठावन्न लिहिला होता. तिसरा जास्त आकडा. सोमवारपासून तिसरी गोळी सुरू व्हायची होती.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. चौदा महिने ती म्हाताऱ्यांचे रक्तदाब मोजत नव्हती, जिना मोजत होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की मामाच्या समोरच तिनं कपाळावर हात मारून घेतला.

“मामा, ती तिसरी गोळी घ्यायची नाहीस तू. कळलं?”

“वा! एवढ्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा तू शहाणी?” मामाला सरांचं भारी कौतुक. त्यांच्या दारावरची पाटी त्यानंच रंगवली होती, पदव्यांसकट, तीन ओळींची. “ज्याच्या नावापुढे एवढं लिहावं लागतं तो माणूस उगाच सांगेल होय? त्यांनी थांब म्हटलं तर थांबीन.”

म्हणून दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. जिना, लिफ्ट, खुर्च्या, सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं, म्हणजे फोनकडे बघत मान हलवली.

“बाई, पट्टा बांधायचं काम तुमचं, विचार करायचं आमचं,” ते म्हणाले. मग त्यांनी कपाटातून एक गठ्ठा ओढला. “हे काय आहे? विश्रांती दिली, होय. होय. होय. सही कुणाची?”

“माझी.”

“मग दिली होतीत की नव्हती?”

दिली नव्हती म्हणावं तर खोट्या खुणांपायी वीस वर्षांची नोकरी जाते. दिली म्हणावं तर मामा जातो. तिनं मान खाली घातली.

“झालं तर मग,” सर म्हणाले. “तुमच्या मामांना सोमवारी घेऊन या. मोजून घेऊ आणि गोळी सुरू करू. फोटोलाही बरे दिसतील.”

सोमवारी नऊ वाजता पट्टाताईची खोली भरून गेली. कधी नव्हे ते खिडकीच्या काचा पुसलेल्या. दोन पत्रकार, एक कॅमेरावाला, प्रसिद्धीवाल्या बाई आणि खुर्चीत मनगटाला पट्टी बांधलेला मामा, नुकताच अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढून आलेला, ठेवणीतला सदरा घातलेला. फक्त सर यायचे होते. खाली काय चाललंय ते जिन्यातून वर ऐकू येत होतं.

“अहो, मी विभागप्रमुख आहे!”

“असाल की साहेब. पण आत चादरी आहेत.”

मग बराच वेळ नुसती पावलं. तिसऱ्या मजल्यावर पावलं थांबली, पुन्हा निघाली. सर दारात आले तेव्हा चेहरा लालबुंद झालेला, टाय खांद्यावर, आणि ‘नमस्कार’ या एका शब्दात त्यांनी दोनदा श्वास घेतला.

“अय्या, सर, आधी तुमचाच घेऊ या ना!” प्रसिद्धीवाल्या बाईंना सुचलं. “मथळा मस्त होईल, डॉक्टर स्वतः मोजून घेतात.” कॅमेरा वळला. नाही कसं म्हणणार? सर बसले, बाही वर केली. ताईनं पट्टा बांधला, फुगवला, सोडला.

“एकशे बहात्तर,” ती म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली.

“काहीतरीच काय! यंत्र बघा तुमचं.”

“यंत्र परवाच तपासून आलंय, सर.”

पत्रकार लिहायला लागला. सरांनी घाईघाईनं हात वर केला. “थांबा हो, लिहू नका. मी आत्ता चार मजले चढून आलोय. असा कुणी मोजतं का? पाच मिनिटं बसू द्या मला.”

सगळे थांबले. सर बसले, पाणी प्यायले, रुमालानं मान पुसली. सात मिनिटांनी ताईनं पुन्हा घेतला. एकशे अठ्ठावीस.

“बघा!” सर कॅमेऱ्याकडे बघून खुलले. “शास्त्र हे असं असतं.”

मामानं सरांकडे बघितलं, मग भाचीकडे बघितलं.

“डॉक्टरसाहेब,” तो अगदी साधेपणानं म्हणाला, “मग आम्हाला का नाही हो बसवत?”

“बसवतात की! प्रत्येक फॉर्मवर लिहिलंय.” सरांनी ताईकडे हात केला. “विचारा यांना. काय हो बाई, बसवता ना?”

खोलीतले सगळे तिच्याकडे बघायला लागले. टेबलावर मामाचा फॉर्म होता, त्यावर आठवडाभर आधीच केलेली खूण, तिच्याच हातची, छान टोकदार. ताईला राग येत होता, सरांचा, बाईंचा, त्या लिफ्टच्या पाटीचा, पण सगळ्यात जास्त त्या टोकदार खुणेचा.

“नाही,” ती म्हणाली. “एकालाही बसवलं नाही. चौदा महिन्यांत एकदाही नाही. सगळ्या खुणा खोट्या आहेत आणि त्या मी केल्यात.” तिनं पेन घेतलं, मामाच्या फॉर्मवरचं ‘होय’ खोडलं, ‘नाही’वर खूण केली आणि खाली सही केली. “आता मामा बसलाय त्याला दहा मिनिटं झाली. लिहून घ्या, मोजते.”

मामाचा आकडा एकशे सोळा आला. मनगट बांधलेला सहा फुटी माणूस कॅमेऱ्यासमोर, आणि शेजारी तिसऱ्या गोळीची चिठ्ठी. सरांनी ती चिठ्ठी उचलून खिशात घातली आणि दुसरी लिहून दिली. पुन्हा अर्धी गोळी.

सकाळी फिरणं टाळायचा मथळा छापला गेला नाही. पण प्रसिद्धीवाल्या बाईंना एक तारीख तर गाठायची होतीच. पुढच्या महिन्यात फळ्यावर नवी पत्रिका लागली: ‘रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं बसा, आमच्या तज्ज्ञांचा सल्ला’. सोबत सरांचा फोटो, खुर्चीत बसलेला, हसरा. लाज म्हणून काही असते, ती त्या इमारतीत सामानाच्या लिफ्टनंसुद्धा कधी वर आली नाही. सरांनी सकाळच्या सगळ्यांना पुन्हा मोजायला बोलावलं, ते मात्र खरं. आणि पट्टाताईची बदली तळघरातल्या चादरींच्या कोठीत झाली. खोट्या खुणा केल्याबद्दल. तिनं तक्रार केली नाही, कारण खुणा खोट्या होत्याच.

मामाच्या फेरतपासणीला ती त्याच्याबरोबर वर गेली, अर्धा तास रजा टाकून. लिफ्ट चादरींची, म्हणून जिन्यानं. वर खुर्च्या आल्या होत्या, भिंतीवर घड्याळही आलं होतं. तिच्या जागी एक नवी मुलगी बसली होती, घाईत, पुढ्यात फॉर्मांचा गठ्ठा. मामा दारात अजून धापा टाकत होता. मुलीनं एका हातानं पट्टा उचलला आणि दुसऱ्या हातानं, मान वर न करता, फॉर्मवर खूण केली. होय.

ताई बोलणार एवढ्यात मामा खुर्चीत बसला आणि त्यानं आपला हात सदऱ्यात आत ओढून घेतला.

“आजोबा, हात द्या ना. रांग आहे मागे.”

“असू दे,” मामा घड्याळाकडे बघत म्हणाला. “नऊ वाजून दहा झालेत. सव्वानऊला देतो.”

मुलगी वैतागून दाराकडे बघायला लागली. दारातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि एकेक करून तेही बाहेरच्या खुर्च्यांवर जाऊन बसले.