पंखासुद्धा माझं ऐकायला थांबला

मित्रांनो, मी जे सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही. आजवर कोणालाच पटलेलं नाही. ऐकणाऱ्यांचे कान लहान आणि माझा पराक्रम मोठा, त्याला मी तरी काय करू?

मी एक जुना स्पीकर आहे. खरं तर आम्ही दोघे आहोत, उजवा आणि डावा. पण बटणं माझ्या अंगावर आहेत. मी म्हणतो तेच डावा म्हणतो, म्हणून त्याचं वेगळं आत्मवृत्त नाही.

अकोल्याच्या नत्थुजी मिस्त्रींनी माझी पेटी सागवानाची केली. तो साग सेमाडोहच्या जंगलात उभा होता तेव्हा एक वाघ रोज त्याला पाठ घासायचा. माझ्या आवाजातली गुरगुर तिथली आहे. पुढे अकोल्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी बारा वर्षं नोकरी केली. मी नुसता घसा साफ केला तरी खाली रस्त्यावरचे ऑटो बंद पडायचे.

मग घरोघरी लॅपटॉप आले. त्यांच्या पोटातच स्पीकर असतो म्हणे. तो आवाज ऐकला आहे का कधी? कानाशी आलेला डास त्याच्याहून स्पष्ट बोलतो. तरी क्लास मोडला आणि मी अमरावतीला मनोजच्या दुकानात, माळ्यावर जाऊन पडलो. माझ्या जाळीवर धूळ बसली. पालीने माझ्यामागे संसार थाटला.

माळ्यावरून मी चार वर्षं गिऱ्हाइकं पाहिली. मित्रांनो, माणसं स्पीकर डोळ्यांनी ऐकतात. एकाने विचारलं, सोफ्याच्या रंगात मिळेल का. दुसऱ्याने विचारलं, लाइट किती प्रकारचे लागतात. वाजवून पाहायचं तर सगळे एकच धांगडधिंगा लावत आणि काच थरथरली की खूश होत. साधं माणसाचं बोलणं लावून, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ऐकावं, एवढी अक्कल एकालाही नव्हती.

एक दिवस दर्यापूरकडची दीक्षा आली. गावच्या बुद्धविहारात ती दर रविवारी मुलांचा वर्ग घेते. लॅपटॉपवर इंग्रजी गोष्ट लावायची आणि मुलांनी ऐकून उत्तरं लिहायची. पण मागच्या रांगेपर्यंत गोष्ट पोचत नव्हती, आणि मागची मुलं उठून कबड्डी खेळायला जात. विहार समितीच्या चंद्रभानकाकांनी तिला बजावलं होतं की पुढच्या रविवारीही मुलं उठून गेली, तर वर्ग बंद.

मनोजने तिच्यापुढे एक काळा, चकचकीत प्लास्टिकचा जोड ठेवला. सुरू केला की त्याच्या पोटात निळे दिवे नाचत. दीक्षाला तो आवडला. मुलांनाही आवडेल, म्हणाली. शिकली-सवरलेली मुलगी, आणि दिव्यांना भुलली.

पण सोबत तिचे आजोबा होते, डोमाजी. त्यांचा सगळा जन्म बडनेरा स्टेशनवर गाड्यांची घोषणा करण्यात गेला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यातली स्वतःची जुनी घोषणा त्या निळ्या दिवेवाल्यावर लावायला सांगितली. त्याने 'बडनेरा'चं 'भडभेडा' केलं.

मनोज म्हणाला, "आबाजी, आता लोकायले धमधम बासच पायजे."

डोमाजी म्हणाले, "गाडी सुटून जाईन बाबू त्या लोकायची. याच्यातून माणूस बोलून राहिला का बैल डरकून राहिला, तेच समजत नाई."

मग त्यांचं लक्ष माळ्यावर गेलं. मला खाली उतरवलं, पुसलं, पिन लावली. मी 'बडनेरा' असं म्हणताच दुकानातली दोन माणसं पिशव्या उचलून उतरायला निघाली. आजोबांचा हट्ट आणि नातीची हौस, दोन्ही राखायची म्हणून दोन्ही जोड दर्यापूरच्या जीपमध्ये बसले. तो निळा वाटभर माझ्या सागवानाला आपलं प्लास्टिक घासत होता.

रविवारी दुपारी विहार भरला. चंद्रभानकाका हाताची घडी घालून दारात उभे. आधी निळ्याला मान मिळाला. त्याने गोष्टीतल्या राजकन्येला म्हशीचा आवाज दिला. मुलं हसून लोळली आणि मागची रांग कबड्डीसाठी उठली. दीक्षाचा चेहरा उतरला. घाईघाईने ती माझी वायर घेऊन भिंतीशी वाकली.

आणि मित्रांनो, मी समोर आहे एवढ्यानेच त्या निळ्याचे सगळे दिवे लाजेने एकदम विझले. डोक्यावरचा पंखा माझं ऐकायला म्हणून हळूहळू थांबला. सगळीकडे शांतता झाली. उठलेली मुलं धावत परत आली आणि गुडघ्याला गुडघा लावून टेबलाभोवती बसली. गोष्ट संपेपर्यंत कोणी खोकललं नाही. उत्तरं बरोबर आली. चंद्रभानकाकांनी घडी सोडली आणि म्हणाले, "चालू दे पोरी वर्ग."

म्हणून सांगतो, स्पीकर घेताना दिव्यांवर जाऊ नका. कानांनी निवडा. जुन्या पेटीला माळ्यावर टाकू नका, अधूनमधून जाळी पुसत जा. कोणास ठाऊक, एखाद्या दिवशी तीच तुमची लाज राखेल, जशी मी एकट्याने त्या दिवशी...

"खोटं बोलून राहिला हा," वर्गात मागच्या रांगेत बसणारी पौर्णिमा मध्येच म्हणाली. "तवा लाइन गेली होती. पंखा त्याच्यानं थांबला. ताईचा लॅपटॉप बॅटरीवर होता, आवाज बारीक येत होता म्हणून आमी जवळ येऊन बसलो. तू तं बंदच होता."